घरात मृत्यू झाल्यावर: पहिल्या तासापासून चौदाव्या दिवसापर्यंत काय करायचं

बारशाला पाळणा भाड्याने आणायला आठवडा मिळतो. मुंजीला सहा महिने आधी कार्यालय बघतात, लग्नाला वर्ष. सोळा संस्कारांतला शेवटचा तेवढा असा, की त्याची सगळी तयारी चार-पाच तासांत करावी लागते, तीही रडणाऱ्या माणसांनी. आमच्या सोसायटीत आणि नात्यात असं काही झालं की पहिल्या पाच फोनांत एक मला येतो. का येतो ते माहीत नाही, पण पंधरा-वीस वर्षांत सवय झाली. त्यातून जे कळलं ते लिहितोय.

आधी दोन गोष्टी. हे मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रात, पुण्याच्या आसपास मी पाहिलेलं आहे. जातीप्रमाणे, गावाप्रमाणे, घराप्रमाणे फरक पडतो. लिंगायत, गोसावी, नाथपंथी यांच्यात दहन न करता समाधी देतात, अगदी लहान मुलाला बहुतेक सगळेच पुरतात. त्या दिवशी घरात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे "आमच्यात असं नसतं". ते म्हणणाऱ्या एकाच वडीलधाऱ्या माणसाला विचारा आणि तो सांगेल ते धरा. चौघांना विचारलंत तर चार पद्धती मिळतील.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची: विधीचा माणूस आणि कागदाचा माणूस वेगळा ठेवा. जो अग्नी देणार, त्याला म्हणजे कर्त्याला, एकही फोन करू देऊ नका. धावपळीसाठी जावई, भाचा, शेजारी, मित्र असा एक माणूस नेमा. त्याच्याकडे दहा-पंधरा हजार रोख, एक पेन, पिशवी आणि मृताचं आधार कार्ड द्या. एवढं केलंत तर पुढचं निम्मं आपोआप सरळ होतं.

पहिला तास

आधी डॉक्टर. "गेले" हे आपण म्हणून चालत नाही, डॉक्टरांनी तपासून लिहून द्यावं लागतं. घरी मृत्यू झाला तर नेहमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलवा. त्यांना आजार माहीत असतो, त्यामुळे मृत्यूचं कारण लिहिलेला दाखला (घरच्या मृत्यूसाठी नमुना ४अ, रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४) ते देऊ शकतात. अनोळखी डॉक्टर बऱ्याचदा नकार देतात. त्यांच्यावर चिडू नका, ज्याला कधी तपासलंच नाही त्याचं कारण ते कशावरून लिहिणार? पडून मार लागला असेल, भाजलं असेल, विष, अपघात किंवा कसलाही संशय असेल तर पोलिसांना कळवावंच लागतं आणि शवविच्छेदन होतं. "कशाला उगाच" म्हणत हे टाळलेली घरं पुढे विम्याच्या वेळी अडकलेली मी पाहिली आहेत.

मृत्यूची वेळ घड्याळात बघून कागदावर लिहा. दाखल्याला ती लागतेच, पण वर्षश्राद्ध तिथीवर होतं आणि पहाटे तिथी बदलत असेल तर अर्ध्या तासानेही फरक पडतो. पंचक (अशुभ मानलेल्या पाच नक्षत्रांचा काळ) लागलं होतं का, हेही गुरुजी त्या वेळेवरूनच सांगतात. लागलं असेल तर दर्भाच्या किंवा पिठाच्या पाच बाहुल्या सोबत दहन करतात. यात घाबरण्यासारखं काही नाही.

नेत्रदान करायचं असेल तर ते सहा तासांच्या आत. नेत्रपेढीला फोन करा, पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. पथक घरी येतं, अर्ध्या तासात काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. देहदानाचा अर्ज भरलेला असेल तर थेट वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला फोन. तिथे देह कधी घेतात, कधी नाकारतात, हे विचारूनच नातेवाइकांना वेळ सांगा.

छातीत पेसमेकर असेल तर तो दहनाआधी काढून घ्यावाच लागतो. बॅटरी उष्णतेने फुटते. डॉक्टर दाखला द्यायला येतील तेव्हाच सांगा. दागिनेही आत्ताच उतरवून एकाच बाईच्या ताब्यात द्या, दोघींच्या नाही.

पुढचं घरातल्या मोठ्यांना ठाऊक असतं: जमिनीवर घ्यायचं, तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र, हनुवटी नि पायाचे अंगठे बांधायचे, उशाशी दिवा. हनुवटी आणि अंगठे बांधण्यामागे सरळ कारण आहे, दोन-तीन तासांत शरीर ताठरायला लागतं. परगावचं कोणी येणार असेल तर देह थंड ठेवणारी शवपेटी भाड्याने मिळते किंवा रुग्णालयाच्या शवागारात ठेवता येतं. नुसता बर्फ लावून उन्हाळ्यात सहा-सात तासांपलीकडे ओढू नका.

निरोप

निरोपाचा मजकूर एकाने लिहावा, बाकीच्यांनी तोच पुढे पाठवावा. असा:

"आमचे वडील (पूर्ण नाव, वय) यांचे आज पहाटे ४.१० वाजता राहत्या घरी निधन झाले. अंत्ययात्रा सकाळी ११ वाजता घरून निघेल. अंत्यसंस्कार (स्मशानभूमीचं नाव) येथे."

स्मशानभूमीत वेळ मिळाल्याशिवाय यात तास टाकू नका. विद्युत किंवा गॅसदाहिनी असेल तर तिथे रांग असते. आधी फोन, मग मजकूर. एकदा आम्ही उलटं केलं आणि साठ माणसं भर मे महिन्यात दोन तास पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली.

शववाहिकेचा फोनही याच वेळी करा. काही शहरांत दहनाचा पास आधी काढावा लागतो, काही ठिकाणी स्मशानातच नोंद होते. डॉक्टरांच्या दाखल्याच्या दोन झेरॉक्स, मृताचं आणि अर्ज करणाऱ्याचं आधार, एवढं खिशात असलं की कुठेही अडत नाही.

आणि दाखल्यावरचं नाव स्वतः वाचा. डॉक्टर घाईत असतात, सांगणारा रडवेला असतो. माझ्या आजीला सगळे इंदूबाई म्हणायचे, तेच लिहिलं गेलं. आधारवर इंदिरा, पासबुकावर इंदिराबाई. ती एक बाई असल्याचं सिद्ध करायला आम्हाला सात महिने आणि दोन प्रतिज्ञापत्रं लागली. नाव आधारवर आहे तसंच, काना-मात्रेसकट.

सामान

शहरात "अंत्यविधीचे साहित्य" अशी पाटी असलेल्या दुकानात सगळं एकत्र मिळतं. दुकानदाराला फक्त पुरुष की स्त्री, सवाष्ण की कसं आणि लाकूड की दाहिनी, एवढं सांगा. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळी, कडबा किंवा गवत, पांढरं कापड, मडकं, गोवऱ्या, काळे तीळ, जव, दर्भ, तूप, चंदनाचा तुकडा, कापूर, गुलाल-बुक्का, हार हे त्यात येतं. गावात तिरडी बांधणारी ठरलेली चार माणसं असतात, त्यांना काही सांगावं लागत नाही. शहरात मात्र बांधता येणारा एक तरी माणूस शोधून ठेवा. गाठी सैल राहिल्या तर तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरताना काय होतं ते मी एकदा पाहिलंय, पुन्हा बघायचं नाही. लिफ्टमध्ये तिरडी मावत नाही. देह चादरीत धरून खाली आणा आणि तिरडी खालीच बांधा.

स्मशानात

कर्ता मडक्यात विस्तव घेऊन पुढे चालतो. वाटेत एका ठिकाणी तिरडी टेकवून खांदेकरी बदलतात, तो विसावा. आता गाडी थेट जाते म्हणून स्मशानाच्या फाटकाशी टेकवतात.

अग्नी कोणी द्यायचा? बहुतेक घरांत थोरला मुलगा, काही घरांत आईला धाकटा. मुलगी, सून, पत्नी देते असं आता इतक्या ठिकाणी पाहिलंय की त्यात बातमी राहिलेली नाही. कोणी कुरकुर करणार असेल तर ती घरीच उरकून घ्या, चितेपाशी नको. तुमचे नेहमीचे गुरुजी हे विधी करतीलच असंही नाही. सत्यनारायण सांगणारे अनेक जण पहिल्या दहा दिवसांना येत नाहीत, त्यासाठी वेगळे गुरुजी असतात. त्यांचे नंबर स्मशानातल्या कर्मचाऱ्यांकडे असतात. दक्षिणा आणि साहित्य मिळून किती, ते सुरुवातीलाच विचारा, त्यात अवमान काही नाही. अर्थ सांगून मराठीतून विधी हवे असतील तर पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने तयार केलेले पुरोहित आहेत, स्त्रियाही आहेत. ब्राह्मण पुरोहिताशिवायच करायचं तर जोतीराव फुल्यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजापासूनची परंपरा आहे. वारकरी घरांत टाळ-मृदंगाच्या भजनात नेतात. मला विचाराल तर त्यापेक्षा सुंदर जाणं नाही.

चितेवर ठेवल्यावर कर्ता पाण्याने भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन उलट्या, म्हणजे अप्रदक्षिण, तीन फेऱ्या घालतो. प्रत्येक फेरीला मागचा माणूस दगडाने मडक्याला एक भोक पाडतो आणि धार लागते. तिसऱ्या फेरीनंतर मडकं मागे टाकायचं, वळून बघायचं नाही, पालथा हात तोंडावर नेऊन बोंब मारायची. शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसं इथे अडखळतात, ओठ हलतात पण आवाज फुटत नाही. आणि एकदा फुटला की मग सकाळपासून कोंडलेलं सगळं बाहेर येतं. ती वेळ द्या, पाठीवर हात ठेवून "बास आता" म्हणू नका.

भोक पाडलेला तो दगड म्हणजे अश्मा, काही ठिकाणी जीवखडा. दहा दिवस त्याच्यावरच तिलांजली द्यायची असते, म्हणून तो पांढऱ्या कापडाच्या पट्टीत बांधून ठेवतात. हा हमखास हरवतो. माझ्या चुलतभावाने हात धुताना नळाच्या कट्ट्यावर ठेवला आणि तिथला दुसरा कुठलाही दगड तसाच दिसत होता. गुरुजींनी नवा घ्यायला लावून तर्पण पहिल्यापासून करायला लावलं. कागदाच्या माणसाने तो लगेच पट्टीत बांधून पिशवीत टाकावा.

लाकडावर दहन असेल तर तीन-साडेतीनशे किलो लाकूड लागतं आणि पूर्ण शांत व्हायला रात्र जाते. दाहिनीत तास-दोन तासांत होतं, अस्थी त्याच दिवशी मिळू शकतात. निघायच्या आधी स्मशानातल्या नोंदवहीत नाव आणि पत्ता पुन्हा वाचा आणि पावती घ्या. त्या पावतीशिवाय पुढे मृत्यू नोंदणीचा दाखला निघत नाही.

घरी परतल्यावर दारात पाय धुणं, कडुलिंबाचं पान चावणं, मग आंघोळ. जिथे प्राण गेला तिथे दिवा लावलेला असतो. बऱ्याच घरांत त्याच्याजवळ पीठ पसरून वर टोपली झाकतात आणि दुसऱ्या दिवशी कसला ठसा उमटला ते बघतात. आमच्याकडे एकदा अगदी स्पष्ट पक्ष्याचा पाय निघाला. माझ्या भावाने खिडकी उघडी असल्याचं सांगितलं, आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प बसला.

तिसरा, म्हणजे सावडणं

लाकडावर दहन झालं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध-पाणी शिंपडून राख सावडतात, आवडीचे पदार्थ ठेवतात. गावाकडे याला गर्दी असते. अस्थी घरात आणत नाहीत. पिशवीत बांधून अंगणातल्या झाडाला टांगतात, शहरात स्मशानभूमीत ठेवायला कपाटं असतात. कुलपाची किल्ली आणि क्रमांक कोणाकडे आहे ते लिहून ठेवा.

विसर्जन नाशिकला रामकुंडावर, आळंदीला इंद्रायणीत, नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, पंढरपूरला, जिथे तुमची रीत असेल तिथे, शक्यतो दहा दिवसांत. कोल्हापूर-सांगलीकडे बऱ्याच गावांत रक्षा नदीत न टाकता शेतात खड्डा घेऊन त्यावर झाड लावतात. मला हे पटतं. राखेची चार पोती नदीत रिकामी करणाऱ्यांनी खालच्या घाटावर अंघोळ करून बघावी.

सुतकाचे दिवस

जवळच्या भाऊबंदांना दहा दिवस, लग्न झालेल्या लेकीला तीन. घरात देवपूजा नाही. पहिले दिवस चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भात आणतात. इथे एक व्यवहाराची गोष्ट: रोज कोणी काय आणायचं याची यादी शेजारच्या एखाद्या वहिनींनी करावी, नाहीतर पहिल्या दिवशी सात डबे येतात आणि पाचव्या दिवशी एकही नाही. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चुकतात, विशेषतः मागे राहिलेल्या जोडीदाराच्या. कोणीतरी रोज विचारा.

नवरा गेला असेल तर एक निर्णय पहिल्या दिवशीच, देह घरात असतानाच घ्यावा लागतो. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं. कोणीतरी लांबची चुलती हात धरून पुढे येते आणि त्या क्षणी विरोध करायची ताकद घरात कोणाला नसते. म्हणून आधीच, स्वयंपाकघरात, बायकांमध्ये बोलून घ्या: "आमच्याकडे हे होणार नाही." कोणी अडलंच तर सांगायला उदाहरण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. शेवटी काय करायचं ते त्या बाईचं तिनेच ठरवावं. एखादीला स्वतःलाच बांगड्या उतरवायच्या असतात, तेही ठीक. दुसऱ्याने हात धरून फोडणं वेगळं.

दहावा

पुण्यात ओंकारेश्वराजवळ, मुंबईत बाणगंगेला, नाशकात गोदाकाठी, गावात नदीवर. जागा आणि गुरुजी चौथ्या-पाचव्या दिवशीच ठरवा, कारण सकाळी एकाच घाटावर सात-आठ घरं असतात. कर्त्याचं क्षौर म्हणजे मुंडण, पिंडदान, अश्म्याचं विसर्जन आणि मग कावळ्याची वाट.

पिंड जरा उंच, मोकळ्या जागी ठेवा आणि सगळे पंधरा पावलं मागे सरा. फोटो काढायला पुढे जाणाऱ्याला ओढून आणा. कावळा शिवला नाही तर नातेवाईक हात जोडून आश्वासनं देतात: धाकटीचं लग्न करू, आईला सांभाळू. गावी एका दहाव्याला पाऊण तास कावळे पिंपळावर बसून होते. शेवटी गेलेल्याचा सख्खा भाऊ पुढे झाला, टोपी काढली आणि पन्नास माणसांसमोर म्हणाला, "दादा, बांधाचं मी मिटवतो." दोन मिनिटांत कावळा उतरला. बायका रडायला लागल्या, मीही. बांध मात्र अजून आहे तिथेच आहे.

शहरातल्या घाटांवर कावळ्यांना सकाळपासून इतके पिंड दिसतात की ते ढुंकून बघत नाहीत. अर्धा-पाऊण तास थांबा, मग गुरुजी दर्भाचा कावळा करून शिववतात. त्यात उणं काही नाही आणि "त्यांचा जीव कशात अडकला असेल" ही चर्चा कर्त्याच्या कानावर पडू देऊ नका.

अकरा ते चौदा

अकराव्याला एकोद्दिष्ट, म्हणजे फक्त गेलेल्या माणसासाठीचं श्राद्ध, घर धुणं, सुतक फिटणं. बाराव्याला सपिंडीकरण. यात गेलेल्याच्या पिंडाचे तीन भाग करून ते बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत मिसळतात. प्रेत इथे पितर होतं. म्हणून तीन पिढ्यांची नावं आणि गोत्र आधी लिहून न्या. पणजोबांचं नाव कोणालाच आठवत नाही आणि ऐनवेळी गावी फोन लावावा लागतो. हा विधी मुळात वर्षाने करायचा, पण बाराव्यालाच उरकण्याची रीत पक्की झाली आहे.

तेराव्याला शांतीचा विधी, तेराव्या-चौदाव्याला गोडाचं जेवण. सासुरवाडीकडची, माहेरची माणसं दुखवट्याचे कपडे आणतात, टॉवेल-टोपी होते. हल्ली काही घरांत "कपडे आणू नयेत" असं आधीच कळवतात आणि मला वाटतं बरं करतात, नाहीतर वीस टॉवेल कपाटात पडून राहतात. जेवणावळीसाठी कर्ज काढू नका. गावातल्या कोणाला काय वाटेल ते महिनाभर वाटतं, हप्ता तीन वर्षं जातो.

यादरम्यान कागदाच्या माणसाचं काम

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ प्रमाणे नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. मृत्यू रुग्णालयात झाला तर कळवण्याची जबाबदारी त्यांची, घरी झाला तर कुटुंबाची. त्यानंतर, मृत्यूपासून तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत लेखी परवानगी, वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. प्रत्येक टप्प्याला चपला जास्त झिजतात. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या.

एटीएमचा पिन माहीत आहे म्हणून मृताच्या खात्यातून पैसे काढू नका, खर्चासाठी असले तरी. बाकीचे वारस पुढे विवरणपत्र काढून बसतात. पेन्शन असेल तर बँकेला लगेच कळवा. मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम परत घेतात, पण पती किंवा पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतनही त्याच कळवण्यावर सुरू होतं. शेतजमीन असेल तर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांत. खात्यावर किंवा सोसायटीत नामनिर्देशित (नॉमिनी) असणं म्हणजे मालक होणं नव्हे, हे भावंडांत शांतपणे बोलून घ्या, जमलं तर चौदाव्यानंतर, दहाव्याच्या घाटावर नको.

आणि गेलेल्या माणसाचा मोबाइल बंद करू नका. बँक, विमा, गॅस, वीज, आधार, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. सिम घरातल्या एखाद्या जुन्या फोनमध्ये टाकून वर्षभर रिचार्ज चालू ठेवा आणि तो फोन कोणाकडे आहे ते सगळ्यांना सांगून ठेवा. त्यावर मधूनच कोणीतरी बातमी न कळलेला, पंधरा वर्षांत न भेटलेला मित्र फोन करतो. उचलणाऱ्याला आधीच सांगा काय बोलायचं ते.